ट्रॅक्टर तोच, घाट तोच. पाटी बदलली की कायदा बदलतो

जळगाव जामोदच्या माणसाला बुलढाण्यापेक्षा बऱ्हाणपूर जवळ पडते. जिल्हा कचेरीत काम निघाले तरच तो दक्षिणेकडे तोंड करतो. बाकी केळीची रोपे, बैलजोडी, बी-बियाणे, मुलीची सोयरीक, इच्छापूरच्या देवीचा नवस, सगळे घाट चढून पलीकडे. सातपुडा आपल्याकडे भिंत म्हणून कधी उभा राहिलाच नाही. मात्र त्याच डोंगरात कुठेतरी महाराष्ट्राची हद्द संपल्याची पाटी येते आणि तिथून पुढे आपला ट्रॅक्टर परराज्यातला होतो. ही पाटी आपण वाचतो, पण मनावर घेत नाही. माझा आजचा मुद्दा तेवढाच आहे.

शहरातली हौशी मंडळी हल्ली मोठ्या चाकांच्या जीपा घेऊन डोंगरात येतात. नाल्यातून गाडी काढली, चिखलात रुतवली, फोटो काढले की त्यांची सहल झाली. आपला ट्रॅक्टर हे रोजच करतो आणि त्याचा कोणी फोटो काढत नाही. पण कायद्याच्या नजरेत दोघांची गत एकच. जीपवाला निघण्याआधी कुठल्या राज्यात काय चालते ते विचारून घेतो. आपण मात्र डिझेल भरले, ट्रॉलीचा खटका लावला की निघालो.

आधी जे सरळ आहे ते सांगतो. ट्रॅक्टरची नोंदणी साऱ्या देशात चालते. मागे एमएच-28 लिहिलेले आहे म्हणून एमपी-68 च्या मुलखात, म्हणजे बऱ्हाणपूर जिल्ह्यात, कोणी अडवू शकत नाही. वाहन परवान्याचेही तसेच. एखाद्याने ट्रॅक्टर बारा महिन्यांच्या वर तिकडेच ठेवला, तर मात्र तिकडचा नंबर घ्यावा लागतो. हलक्या वाहनाच्या परवान्यावरून फार वर्षे घोळ होता. 6 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने तो निकाली काढला. 7500 किलोच्या आतील मालवाहू वाहनासाठी हलक्या वाहनाचा परवाना पुरे, वेगळा शेरा लागत नाही. एवढे ऐकून कोणी खूष होऊ नये, कारण भरलेली कापसाची किंवा विटांची ट्रॉली काट्यावर काय दाखवते हे आपल्याला ठाऊक आहे.

खरी गोम ट्रॉलीत आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 प्रमाणे शेतीचा ट्रॅक्टर हे मालवाहतुकीचे वाहन धरले जात नाही. पण मागे ट्रॉली लावून भाड्याने रेती, विटा, गिट्टी वाहू लागलात की ती मालवाहू गाडी झाली. तिला परमिट लागते, आणि एका राज्याचे परमिट दुसऱ्या राज्यात आपोआप चालत नाही. तिथल्या अधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी लागते किंवा राष्ट्रीय परमिट लागते. ट्रॉलीत माल तुमच्या शेताचा की भाड्याचा, हे हद्दीवर सिद्ध कोणी करायचे? तुम्ही. आपण सातबारा काढून दाखवतो. तिकडचा शिपाई खसरा आणि बी-1 ओळखतो, सातबारा त्याने आयुष्यात पाहिलेला नसतो. म्हणून सातबाऱ्यासोबत मंडीतल्या आडत्याची चिठ्ठी किंवा आधीची पट्टी जवळ असलेली बरी. कागद मोबाईलमध्ये चालतात, ते कायद्याने मान्य आहे; पण घाटात रेंज नसते. म्हणून झेरॉक्स घ्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला आणि सीटखालच्या पेटीत ठेवा.

एक प्रसंग सांगतो, नाव-गाव सोडून. आमच्या भागातल्या एका टरबूजवाल्याची ट्रॉली हद्दीपलीकडे अडवली गेली. ट्रॅक्टरचे कागद चोख होते. ट्रॉलीची नोंदणीच नव्हती. गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून बनवून घेतलेली, तिला नंबर कुठून असणार? दंड, हेलपाटे, पुन्हा दंड. दुसऱ्या दिवशी दुपारी ट्रॉली सुटली तेव्हा खालच्या थरातून पाणी गळत होते. तो मला म्हणाला, ‘‘साहेब, आपल्याच शेतातला माल, आपलाच ट्रॅक्टर, मंग काहून अडवून राह्यले हे लोकं?’’ त्याच्या प्रश्नात राग होता आणि थोडे खरेही होते. पण नंबर नसलेल्या ट्रॉलीला इकडेही कोणी अडवू शकला असता. इकडे ओळखीने सुटते, तिकडे ओळख नसते, इतकाच फरक.

दंडाचे गणितही दोन्हीकडे वेगळे. 2019 मध्ये मोटार वाहन कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. तडजोडीचा दंड किती घ्यायचा हे ठरवण्याचा अधिकार कलम 200 खाली राज्याला आहे. महाराष्ट्राने नवे दर डिसेंबर 2021 मध्ये लावले. म्हणजे एकाच चुकीला घाटाच्या या बाजूला एक रक्कम, त्या बाजूला दुसरी. एक गोष्ट मात्र दोन्हीकडे सारखी आहे: पोरगं अठराच्या आत असताना स्टिअरिंगवर सापडलं, तर बापाला 25 हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. वर ट्रॅक्टरची नोंदणी बारा महिने रद्द. आपल्याकडे दहावीतले पोर ट्रॅक्टर चालवते हे कौतुकाने सांगतात. घाटात तरी ते कौतुक नको.

हद्द चुकवायची सवय आपल्याला आजची नाही, हेही कबूल केले पाहिजे. कापूस एकाधिकार खरेदीचा कायदा 1971 चा, आणि 1972 च्या हंगामापासून 2002 पर्यंत राज्यातला कापूस सरकारी केंद्रावरच घालायचा असा नियम होता. मध्य प्रदेशात तो नियम नव्हता. खामगाव-मलकापूर ही कापसाची नामांकित गावे, पण पलीकडे भाव चढला की जुन्या लोकांच्या सांगण्याप्रमाणे रात्री गाड्या निघायच्या. कंदील विझवून, बैलांच्या गळ्यातल्या घागरमाळा काढून, जंगलातल्या पाऊलवाटेने. पलीकडचा भाव पडला की उलटे व्हायचे. तिकडचा कापूस इकडच्या केंद्रावर. शेतकऱ्याला चोर ठरवणारा तो नियम होता, आणि तो गेला ते बरे झाले, असे माझे स्पष्ट मत आहे. पण ती वाट मात्र लोकांच्या डोक्यात राहिली. आजही अडचण आली की ‘‘आडवाटेने काढू’’ हे पहिले उत्तर असते.

त्या आडवाटेचे आता काय झाले आहे? संग्रामपूर तालुक्यातले अंबाबरवा अभयारण्य 1997 चे, सुमारे 127 चौरस किलोमीटरचे, आणि मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या कलम 27 प्रमाणे अभयारण्यात परवानगीशिवाय शिरता येत नाही. आत ज्याची जमीन किंवा घर आहे त्याला आणि सार्वजनिक रस्त्याने जाणाऱ्याला सूट आहे. बैलगाडीची जुनी चाकोरी म्हणजे सार्वजनिक रस्ता नव्हे. ट्रॅक्टर त्या वाटेने घातलात तर तो मोटार वाहन कायद्याचा मामला उरत नाही. वनखाते ट्रॅक्टरच जप्त करू शकते, आणि हप्ते सुरू असलेला ट्रॅक्टर वनखात्याच्या आवारात गंजत उभा राहिला तर बँक काही हप्ते थांबवत नाही. भिंगारा, चाळीसटापरीच्या आदिवासी बांधवांची गोष्ट निराळी आहे. त्यांना दवाखान्याला यायलाही डोंगर उतरावा लागतो; त्यांच्या रस्त्याचा प्रश्न सरकारने सोडवायचा आहे आणि तो या लेखात मावणारा नाही. मी बोलतो आहे ते नाका चुकवायला जंगलात घुसणाऱ्यांविषयी. त्यातला मोठा विनोद असा, की मध्य प्रदेशाने आपले परिवहन तपासणी नाके 1 जुलै 2024 पासून बंद केले. जो नाका उठला तो चुकवायला आपण वाघाच्या जंगलातून चाललो आहोत. फिरती तपासणी आहे, पण तिला घाबरायचे कारण कागद असलेल्याला नाही.

आता माझ्या खात्याचा विषय. 2017 मध्ये गुलाबी बोंडअळीने आपल्याकडे कपाशीची वाट लावली. त्यानंतरच्या हंगामांत महाराष्ट्राने 1 जूनच्या आधी शेतकऱ्याला कपाशीचे बियाणे विकायला बंदी घातली, कारण उन्हाळी धूळपेरणी आणि बागायती लवकर लावण यामुळे अळीला लवकर घर मिळते. पलीकडे असा निर्बंध नव्हता. मग मे महिन्यात ट्रॅक्टर, मोटारसायकली, जीपा बियाण्यासाठी घाट चढू लागल्या. मी बांधावर उभा राहून सांगतो तेव्हा लोक हसतात, ‘‘साहेब, अळीले काय माहीत राज्य कोणतं?’’ अगदी बरोबर. अळीला पाटी वाचता येत नाही, म्हणूनच दोन्ही राज्यांनी एक तारीख ठरवायला हवी होती. ती ठरत नाही तोवर नुकसान कोणाचे? तिकडून आणलेले बियाणे उगवले नाही, तर आपल्या तालुक्याची तक्रार निवारण समिती पंचनामा करील, पण विक्रेता परराज्यातला. आमच्या बियाणे निरीक्षकाचा अधिकार त्याच्या दुकानापर्यंत पोचत नाही. बिल असले तरी अवघड, बिल नसले तर बोलायलाच नको. आणि तणनाशक सहन करणारे जे चोरटे बियाणे पाकिटात भरून दिले जाते, त्याला मंजुरी नाही. ते दोन्ही राज्यांत बेकायदाच आहे.

विकायच्या मालाचेही तसेच. 2017 मध्ये मध्य प्रदेशाने भावांतर योजना आणली तेव्हा इकडच्या कित्येकांना वाटले की माल तिकडे नेला की फरकाची रक्कम खात्यात पडेल. ती योजना तिकडे नोंदणी झालेल्या तिकडच्या शेतकऱ्यासाठी होती. आपल्याला मंडीतला लिलावाचा भाव मिळतो, सरकारी फरक मिळत नाही. डिझेल, हमाली, एक रात्रीचा मुक्काम धरून हिशेब करा, मगच ट्रॉली भरा. बांधावरचा साग तोडून तिकडे न्यायचा विचार असेल तर वाहतूक पास आधी काढा. झाड तुमचे असले तरी पास लागतो.

बैलजोडी ट्रॉलीत घालून आणणाऱ्यांनी तर विशेष जपावे. मध्य प्रदेशाचा गोवंश वध प्रतिबंध कायदा 2004 चा आहे, महाराष्ट्रात बैलाच्या कत्तलीवरची बंदी मार्च 2015 पासून आली. दोन्ही कायद्यांचा रोख कत्तलीवर आहे, पण रस्त्यात अडवणारा आधी अडवतो, मग विचारतो. बाजाराची पावती, जनावराच्या डॉक्टरचा दाखला आणि तिकडून निघताना वाहतुकीचा परवाना, हे तिन्ही असल्याशिवाय निमाडी जोडी कितीही देखणी असली तरी ट्रॉलीत चढवू नका. पाच-सहा जनावरे कोंबली तर पशुक्रूरतेचा गुन्हा वेगळाच.

सर्वांत शेवटी ठेवले ते सर्वांत जड आहे म्हणून. नवरात्रात इच्छापूरला, लग्नसराईत वरात घेऊन, होळीच्या सुमारास सैलानीच्या यात्रेला, आपण ट्रॉलीत माणसे भरतो. खाली गवत, वर ताडपत्री, म्हातारी माणसे आणि लेकरे मध्ये. 1 ऑक्टोबर 2022 ला कानपूरजवळ घाटमपूरकडे देवदर्शनाहून परतणारी ट्रॉली तळ्यात उलटून 26 माणसे गेली, बहुतेक बायका आणि मुले. 2 जून 2024 ला राजस्थानातून मध्य प्रदेशातल्या राजगड जिल्ह्यात वरात घेऊन आलेली ट्रॉली उलटली, 13 जण गेले. ती वरातही एका राज्यातून दुसऱ्या राज्यातच चालली होती, आपल्यासारखीच. ट्रॉलीला बहुतेक वेळा स्वतंत्र ब्रेक नसतो. घाटाच्या उतारावर भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरला मागून ढकलते, आणि वळणावर ट्रॅक्टर आडवा होतो. चालक कितीही तरबेज असो, तिथे त्याच्या हातात काही उरत नाही.

यानंतर विमा. ट्रॉली पॉलिसीत वेगळी लिहिलेली नसेल तर तिच्यामुळे झालेल्या नुकसानीवर कंपनी हात वर करते. मालाच्या गाडीत फुकट बसलेल्या माणसांची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने आशा राणी प्रकरणात 2002 मध्येच सांगितले आहे. म्हणजे भरपाई ट्रॅक्टर मालकाच्या शेतातून. आणि ट्रॉलीत बसलेले कोण असतात? भाऊबंद, सोयरे, शेजारी. एका अपघाताने जीव जातात, पाठोपाठ जमीन जाते, आणि उरलेली नाती कोर्टाच्या पायरीवर तुटतात. बस परवडत नाही, वेळेवर मिळत नाही, हे मला मान्य. पण चार घरांनी मिळून प्रवासी परवान्याची एक गाडी ठरवली तर माणशी फार जास्त पडत नाही.

सरकारकडे आपले मागणे असावेच, आणि ते मोठे नाही. घाटाच्या दोन्ही तोंडांना मराठी-हिंदीत एक फलक लावा: ट्रॅक्टर-ट्रॉलीला कोणता कागद, कोणता दंड, तक्रार कोणाकडे. परिवहन खात्याने आठवडी बाजाराच्या दिवशी जळगाव जामोद, सोनाळा, मलकापूर इथे ट्रॉली नोंदणीचे शिबिर घ्यावे, कारण गावठी ट्रॉल्यांचे मालक बुलढाण्याला हेलपाटे घालणार नाहीत. आणि बियाणे विक्रीची तारीख बुलढाणा, जळगाव, बऱ्हाणपूर या तिन्ही जिल्ह्यांच्या कृषी खात्यांनी एप्रिलमध्येच एकत्र बसून ठरवावी. तोवर, बंधूंनो, ट्रॉलीच्या मागे लाल रिफ्लेक्टरची पट्टी तरी लावून घ्या. आणि येत्या बाजाराच्या दिवशी विम्याची पॉलिसी पेटीतून काढून, तिच्यात ‘ट्रेलर’ हा शब्द आहे की नाही ते शाळेत जाणाऱ्या पोराकडून वाचून घ्या.