गयानाची मतपेटी आणि परकीय आस्था

१ सप्टेंबर २०२५ रोजी गयानात सार्वत्रिक निवडणूक झाली आणि इरफान अली पुन्हा अध्यक्ष झाले. दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरील, जेमतेम आठ लाख वस्तीच्या या देशाच्या निवडणुकीची दखल एरवी कोणी घेतली नसती. परंतु २०१५ मध्ये तेथील समुद्रात तेल सापडले, २०१९ च्या डिसेंबरात ते प्रत्यक्ष निघू लागले, आणि तेथे राज्य कोणाचे असावे याविषयी वॉशिंग्टनपासून कॅराकसपर्यंत सर्वांना आस्था उत्पन्न झाली. गयानातील वयोवृद्ध मतदारांना या आस्थेचे नवल वाटणार नाही. तिची फळे त्यांनी पूर्वी एकदा चाखलेली आहेत.

१३३ दिवसांचे सरकार

ब्रिटिश गयाना ही साखरेची वसाहत होती. गुलामगिरी संपल्यावर मळ्यांना मजूर हवे होते. म्हणून १८३८ ते १९१७ या काळात सुमारे २ लाख ३९ हजार भारतीय तेथे करारावर नेण्यात आले. त्यांतील बहुतेक जण कलकत्त्याच्या बंदरातून गेले. मळ्यांवर बुकर कंपनीचे वर्चस्व एवढे होते की, देशाला लोक उपहासाने ‘बुकर्स गयाना’ म्हणत. १९५३ मध्ये प्रौढ मताधिकारावर पहिली निवडणूक झाली. मळ्यातील मजुराचे पुत्र असलेले दंतवैद्य छेदी जगन आणि आफ्रिकी वंशाचे बॅरिस्टर फोर्ब्स बर्नहॅम तेव्हा एकाच पक्षात होते. त्या पक्षाने २४ पैकी १८ जागा जिंकल्या. १३३ दिवसांनी चर्चिल सरकारने कम्युनिस्ट धोक्याचे कारण देऊन राज्यघटना स्थगित केली आणि सैन्य उतरविले. जगन आणि बर्नहॅम दोघेही दाद मागत लंडनला व तेथून भारतात आले, नेहरूंना भेटले. १९५५ मध्ये मात्र त्यांचा पक्ष फुटला. पुढील काळात भारतीय जगन यांच्यामागे आणि आफ्रिकी बर्नहॅम यांच्यामागे उभे राहिले. ही फूट परकीयांनी शून्यातून निर्माण केली नव्हती. मळ्यावरचा मजूर आणि शहरातील कारकून, पोलीस यांच्यातील अंतर जुनेच होते. परकीयांनी त्या भेगेत पहार घातली.

नियम बदलला, निकाल बदलला

१९६१ मध्ये जगन पुन्हा निवडून आले. त्यांनी १९६२ चा अर्थसंकल्प केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ निकोलस काल्डॉर यांच्या सल्ल्याने तयार केला. याच काल्डॉर यांनी १९५६ मध्ये भारताला करसुधारणेचा अहवाल दिला होता. आपल्याकडील संपत्ती कर आणि खर्च कर त्यातूनच आले. भारतात त्या करांवर संसदेत वाद झाले. जॉर्जटाऊनमध्ये फेब्रुवारी १९६२ मध्ये बाजारपेठ जळाली. मालमत्ता कर आणि सक्तीची बचत या योजनांविरुद्ध व्यापारी, सरकारी नोकर आणि विरोधी पक्ष एकत्र आले होते. पुढील वर्षी ८० दिवसांचा सार्वत्रिक संप झाला. त्याला अमेरिकी कामगार संघटनांमार्फत सी.आय.ए.चा पैसा पुरविला गेला. ‘दुसरा क्यूबा नको’ म्हणून अध्यक्ष केनेडी लंडनवर सतत दबाव आणीत होते.

अखेर ऑक्टोबर १९६३ मध्ये वसाहतमंत्री डंकन सँडिस यांनी मतदारसंघांची पद्धत रद्द करून प्रमाणशीर प्रतिनिधित्व लादले. १९६४ च्या निवडणुकीत जगन यांच्या पक्षाला सर्वांत अधिक, म्हणजे सुमारे ४६ टक्के मते आणि ५३ पैकी २४ जागा मिळाल्या. २२ जागांचे बर्नहॅम ७ जागांच्या तिसऱ्या पक्षाला बरोबर घेऊन सत्तेवर आले.

प्रमाणशीर पद्धत मुळात अन्यायाची नव्हे, हे मान्य केले पाहिजे. १९६१ मध्ये जगन यांनी सुमारे ४३ टक्के मतांवर ३५ पैकी २० जागा मिळविल्या होत्या, ही बर्नहॅम यांच्या अनुयायांची तक्रार निराधार नव्हती. परंतु जो न्याय ब्रिटनने आपल्या लोकसभेसाठी कधी स्वीकारला नाही, तो वसाहतीवर स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर लादला, तेव्हा हेतू न्यायाचा नव्हता. निकाल आधी ठरला आणि त्याला साजेसा नियम नंतर शोधला गेला.

धडा गिरविणारे शिष्य

२६ मे १९६६ रोजी देश स्वतंत्र झाला. निवडणुकीचा नियम सत्तेच्या सोयीने वाकविता येतो, हा धडा बर्नहॅम यांनी पुरता आत्मसात केला होता. १९६८ मध्ये त्यांनी परदेशस्थ मतदारांच्या याद्या केल्या. ब्रिटिश टेलिव्हिजनच्या वार्ताहरांनी त्यांतील पत्ते तपासले तेव्हा अनेक ठिकाणी तसे मतदार आढळलेच नाहीत. १९७३ आणि १९८० च्या निवडणुकाही अशाच झाल्या. लोकशाहीच्या रक्षणासाठी आलेल्या बड्या राष्ट्रांनी या काळात डोळे मिटून घेतले. विशेष म्हणजे, ज्या राष्ट्रीयीकरणाच्या भीतीने जगन यांना दूर केले, तेच बर्नहॅम यांनी केले: १९७१ मध्ये बॉक्साइट आणि १९७६ मध्ये बुकरचे मळे सरकारने घेतले. केनेडींचे सल्लागार, इतिहासकार आर्थर श्लेसिंजर यांनी १९९० मध्ये जगन यांची जाहीर क्षमा मागितली. तोवर गयाना कर्जात बुडाला होता आणि सुशिक्षितांनी न्यूयॉर्क, टोरांटोची वाट धरली होती.

याहून मोठे नुकसान स्मृतीचे झाले. मे १९६४ मध्ये विस्मार येथे भारतीयांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली. जुलैमध्ये ‘सन चॅपमन’ या नौकेत स्फोट होऊन चाळीसहून अधिक माणसे मेली, त्यांत बहुसंख्य आफ्रिकी होते. एक समाज विस्मार आठवतो, दुसरा ‘सन चॅपमन’. दोघांचेही दुःख खरे, आणि दोघांच्या इतिहासात दुसऱ्याचे दुःख तळटिपेत जाते. अशा देशात निवडणूक हरणे म्हणजे केवळ सत्ता जाणे नव्हे. ती सुरक्षितता गमावण्याची भीती असते.

केंद्रावरील मोजणी

१९९२ मध्ये जगन पुन्हा निवडून आले. माजी अध्यक्ष कार्टर यांनी त्यापूर्वी मिळविलेली एक सवलत साधी, पण मूलगामी होती: मतपेट्या कोठेही न हलविता मतदान केंद्रावरच मोजणी व्हावी. सर्व पक्षांच्या हाती आकड्यांची प्रत राहू लागली. तिचे मोल २०२० मध्ये कळले. २ मार्चच्या मतदानानंतर राजधानीच्या विभागाचे जे आकडे जाहीर झाले ते केंद्रांवरील पत्रकांशी जुळेनात. कॅरिबियन राष्ट्रांच्या देखरेखीखाली फेरमोजणी झाली आणि सुमारे १५ हजार मतांच्या आघाडीने जिंकलेल्या पक्षाचा शपथविधी पाच महिन्यांनी पार पडला. या वेळी अमेरिकेने खऱ्या मोजणीसाठी दबाव आणला, हे खरे. परंतु तिचा शब्द निर्णायक ठरावा ही स्थितीच चिंतेची आहे. चोरी पकडली ती केंद्रावरील कागदाने.

आज व्हेनेझुएला देशाच्या दोन-तृतीयांश भूमीवर, एसेक्विबोवर, हक्क सांगत आहे. डिसेंबर २०२३ मध्ये तिने त्यावर सार्वमतही घेतले. साहजिकच गयानाला बलवान मित्र हवे आहेत, आणि मित्रांना तेल हवे आहे. अशा मैत्रीची किंमत एकदा मोजलेल्या देशाने दोन गोष्टी सांभाळल्या पाहिजेत. एक, मोजणीचा तो कागद. आणि दुसरी, तेलाच्या पैशाचे असे वाटप की, हरलेल्या समाजालाही पुढच्या निवडणुकीपर्यंत धीर धरता येईल. भेग बुजली नाही, तर पहार घेऊन येणाऱ्यांची उणीव जगात कधीच नसते.