कंत्राटदार आधी कामात, मग कागदावर

छत्रपती संभाजीनगरजवळ जालना रस्त्यावरच्या शेंद्रा औद्योगिक वसाहतीत 2001 साली स्कोडाच्या मोटारी तयार होऊ लागल्या. पुढे पर्किन्सची इंजिने आली, लीबहेरचे फ्रिज आले, ऑरिक या औद्योगिक नगरीच्या भूखंडांवर ह्योसंगसारखी कोरियन कंपनी आली. बड्या नावांच्या आजूबाजूला जॉबवर्क करणाऱ्या लहान शेड उभ्या राहिल्या. या शेड जितक्या पगारी माणसांवर चालतात तितक्याच बाहेरून येणाऱ्यांवर चालतात. डाय-फिक्श्चरचे ड्रॉइंग करून देणारा डिझायनर, यंत्रे चालवणाऱ्या पीएलसीचा प्रोग्रॅम लिहिणारा तंत्रज्ञ, फॅब्रिकेशनवाला, वेल्डर, महिन्याच्या बोलीवर आलेला इलेक्ट्रिशियन यांच्याशिवाय तिथले काम पुढे सरकत नाही.

या मंडळींशी करायच्या कराराबद्दल उद्योजकांमध्ये एक समज घट्ट बसला आहे. ‘सदर इसम स्वतंत्र कंत्राटदार असून कंपनीचा कामगार नाही’ एवढे एक कलम घालायचे, पाचशेच्या मुद्रांकावर दोन सह्या घ्यायच्या, की पीएफ, ईएसआय, ग्रॅच्युइटी, बोनस सगळ्यांतून सुटका. मसुदा शेजारच्या कारखान्यातून मिळतो, नाव आणि रक्कम बदलली की झाले. मग वकिलाची फी कशाला?

हा पूर्वपक्ष हलका समजून चालणार नाही. वाहन उद्योगातली मागणी चढते-उतरते. मोठ्या कंपनीने वेळापत्रक बदलले की लहान शेडचे तीन महिन्यांचे गणित कोलमडते, आणि बारा-पंधरा माणसांच्या कारखान्यात वेगळा एचआर विभाग ठेवणे परवडत नाही. शिवाय बाहेरून येणाऱ्यांपैकी अनेकांना नोकरी नकोच असते. चार कारखान्यांची कामे घेऊन ते पगारापेक्षा जास्त कमावतात. अडचण खरी आहे. तिच्यावर काढलेला तोडगा मात्र कायद्यापुढे टिकत नाही, कारण न्यायालय कागदाचे शीर्षक वाचून थांबत नाही. काम कसे चालले होते ते पाहते.

नागपूरच्या एका विडी कारखान्याचे प्रकरण या बाबतीत फार बोलके आहे. बिर्धीचंद शर्मा खटला म्हणून ते ओळखले जाते आणि 1961 च्या निकालसंग्रहांत ते सापडते. विडी वळणाऱ्यांना मजुरी नगावर मिळे. केव्हा यायचे, केव्हा जायचे, याची त्यांना मोकळीक होती. मालकाचे म्हणणे होते की असा माणूस कामगार कसला, त्याला रजेचा पगार कशाला? सर्वोच्च न्यायालयाने तपशील पाहिला. काम कारखान्यातच करावे लागे, घरी नेता येत नसे. हजेरी लागत असे. दुपारनंतर आलेल्याला काम मिळत नसे. विडी ठरलेल्या दर्जाची नसेल तर ती बाद करण्याचा हक्क मालकाकडे होता. एवढे नियंत्रण पुरेसे ठरले, ही माणसे कामगार ठरली आणि रजेचा हक्क त्यांना मिळाला.

1973 मध्ये सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाऊसच्या निकालात तेच सूत्र आणखी पुढे गेले. शिंपी नगावर पैसे घेत, रोज येण्याचे बंधन त्यांच्यावर नव्हते, काही जण कापड घरीही नेत. पण दुकानातली शिलाई मशीन मालकाची होती आणि शिवण नापसंत पडली तर ती परत करून घेण्याचा अधिकार त्याचा होता. न्यायालयाने त्यांना नोकर मानले. 1978 च्या हुसेनभाई खटल्यात न्या. कृष्ण अय्यर यांनी मधल्या कंत्राटदारांचा पडदा बाजूला केला. मजूर ज्याच्या धंद्यासाठी माल तयार करतात आणि ज्याच्या हाती त्यांच्या पोटापाण्याचा ताबा असतो, तोच खरा मालक, असे ते म्हणाले. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानेही फेब्रुवारी 2021 मध्ये उबरच्या चालकांबाबत हेच सांगितले की लेखी करार हा विचाराचा आरंभबिंदू धरता येणार नाही.

ही कसोटी शेंद्र्याला लावून पाहावी. समजा, एक इलेक्ट्रिशियन चार वर्षे रोज सकाळी आठला गेटवर पंच करतो, कंपनीची हत्यारे वापरतो, सुपरवायझरने सांगितलेले काम करतो, सुट्टीसाठी त्याची परवानगी मागतो, दर महिन्याला तेवढीच रक्कम घेतो आणि दुसरीकडे कुठेही काम करत नाही. त्याच्या करारावर ‘स्वतंत्र’ हा शब्द दहा वेळा आला तरी तो स्वतंत्र ठरणे अवघड आहे. पैसे देताना पगाराऐवजी फी म्हणून दहा टक्के कर कापला, एवढ्यानेही ते सिद्ध होत नाही. वाद उभा राहिला की थकलेली पीएफ वर्गणी, तीही मालक आणि कामगार अशा दोन्ही वाट्यांची, वर व्याज आणि दंड, हे सारे मालकाच्या अंगावर येते.

उसन्या मसुद्यांतली काही कलमे तर लिहिली जातात त्या क्षणापासूनच निरुपयोगी असतात. ‘काम करताना अपघात झाल्यास कंपनी जबाबदार राहणार नाही’ हे कलम सर्रास दिसते. कामगाराने नुकसानभरपाईचा हक्क सोडून देण्याचा करार कायद्याने रद्दबातल आहे. 1923 च्या भरपाई कायद्यापासून ही तरतूद चालत आली आहे. ‘काम सोडल्यावर दोन वर्षे दुसऱ्या कारखान्याचे काम घेणार नाही’ हेही असेच. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 27 मुळे धंद्याला असा अटकाव करणारी अट टिकत नाही. आणि करार चालू असताना दुसरीकडे काम करायला बंदी घातली, तर मालकाने स्वतःच्याच विरुद्ध पुरावा लिहून ठेवला असे होते, कारण ज्याने दुसरे गिऱ्हाईक घ्यायचे नाही त्याला स्वतंत्र व्यावसायिक कसे म्हणणार?

दुसऱ्या टोकाचा समजही तितकाच तोकडा आहे. कंत्राट म्हटले की फसवणूकच, असे काही कामगार पुढारी धरून चालतात. सागरच्या विडी कारखान्याचे चिंतामण राव प्रकरण 1958 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आले, तेव्हा सट्टेदारांना स्वतंत्र कंत्राटदारच मानले गेले. ते तंबाखू घेऊन जात, आपल्या जागेत आपल्या माणसांकडून किंवा घरोघरी विड्या वळून घेत आणि तयार माल आणून देत. काम कसे करायचे हे कारखाना त्यांना सांगत नव्हता. पुण्याच्या रुबी हॉल क्लिनिकमधल्या मानद डॉक्टरांना नोकर समजून पगारावरचा कर कापायला हवा होता, असा आयकर खात्याचा दावा होता. मुंबई उच्च न्यायालयाने 2015 मध्ये तो मान्य केला नाही. 2001 च्या स्टील ऑथॉरिटी खटल्यात तर सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी स्पष्ट केले की कंत्राटी पद्धत बंद झाली म्हणून कामगार आपोआप मुख्य मालकाचे होत नाहीत. कंत्राट निव्वळ देखावा ठरले तरच तसे होते. खऱ्या कंत्राटाला कायदा जागा देतो. वाद असतो तो खोट्याशी.

माणसे पुरवणाऱ्या लेबर कंत्राटदाराची गोष्ट निराळी, आणि तिथे तर कागदाची भिस्त आणखीच फसवी. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यांतल्या सुरक्षा व आरोग्य संहितेनुसार 50 किंवा अधिक कंत्राटी माणसे असतील तर परवाना लागतो, आस्थापनेच्या गाभ्याच्या कामात काही अपवाद वगळता कंत्राटी मजूर लावता येत नाहीत, आणि कंत्राटदाराने मजुरी बुडवली तर ती मुख्य मालकाला भरावी लागते. ‘मजुरीची जबाबदारी सर्वस्वी कंत्राटदाराची’ असे लिहून घेतले तरी मजुराचा हक्क हलत नाही. फार तर मालकाला पुढे कंत्राटदाराकडून वसुली करता येईल.

मग वकील करतो काय? जाणता वकील लिहायला बसण्याआधी विचारतो. हत्यारे कोणाची, वेळ कोण ठरवतो, काम बिघडले तर दुरुस्तीचा खर्च कोणाचा, बदली माणूस पाठवता येतो का, पैसे महिन्याचे की कामाचे? उत्तरे नोकरीची निघाली तर तो तसे सांगतो. हंगामी ऑर्डरसाठी माणसे हवी असतील तर ठरावीक मुदतीच्या नोकरीचा मार्ग औद्योगिक संबंध संहितेत आहे. मुदत संपली की नोकरी संपते, कामगाराला कायम माणसाइतके लाभ मिळतात आणि एक वर्षानंतर ग्रॅच्युइटीही. इलेक्ट्रिशियनच्या प्रकरणात हाच सल्ला योग्य आहे, आणि चार वर्षांनी निघणाऱ्या थकबाकीपेक्षा तो स्वस्तही आहे.

उत्तरे खऱ्या कंत्राटाची निघाली तर मसुद्याला खरे काम मिळते. पीएलसी प्रोग्रॅमचे उदाहरण घ्यावे. कॉपीराइट कायदा, 1957 नुसार नोकराने नोकरीत लिहिलेला प्रोग्रॅम सामान्यतः मालकाचा होतो, पण बाहेरच्या तंत्रज्ञाने लिहिलेला प्रोग्रॅम लेखी हस्तांतर नसेल तर त्याचाच राहतो, पूर्ण पैसे दिले तरीही. हस्तांतर लिहिले पण मुदत लिहिली नाही, तर ते पाच वर्षांचे मानले जाते. प्रदेश लिहिला नाही, तर फक्त भारतापुरते. जर्मनीला यंत्र पाठवणाऱ्या शेंद्र्याच्या कारखान्याला या दोन ओळी नसल्याची किंमत किती मोजावी लागेल, याचा अंदाज गल्लीतल्या नमुना मसुद्यात कुठून येणार?

तंत्रज्ञाचे हितही त्याच कागदात असते. तो सूक्ष्म किंवा लघुउद्योग म्हणून उद्यम नोंदणी केलेला असेल, तर 2006 च्या कायद्याने त्याचे पैसे ठरलेल्या तारखेला, पण 45 दिवसांच्या आत मिळायला हवेत. लेखी करारच नसेल तर ही मुदत 15 दिवसांची. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. काम पूर्ण झाल्याची खूण काय, ती कोण तपासणार आणि किती दिवसांत हरकत घ्यायची, हे लिहिलेले नसेल तर हे 45 दिवस कुठून मोजायचे यावरच भांडण सुरू होते.

राहिला फीचा मुद्दा. लहान शेडला प्रत्येक कराराला वकील परवडत नाही, हे मान्य करायला हवे. पण त्यासाठी शहरात साधने आहेत. 1981 पासून इथे उच्च न्यायालयाचे खंडपीठ आहे, 2017 मध्ये सुरू झालेले राष्ट्रीय विधी विद्यापीठ कांचनवाडीत आहे, उद्योजकांच्या सीएमआयए आणि मसिआ या संघटना आहेत. खंडपीठातले वकील, विद्यापीठ आणि या संघटना यांनी मिळून शेंद्र्यात आठवड्यातून एक दिवस करार सल्ला केंद्र चालवावे. अनुभवी वकिलाच्या देखरेखीखाली विद्यार्थ्यांनी शेडमध्ये जाऊन काम पाहावे, प्रश्न विचारावेत आणि मगच मसुदा करावा. डिझायनर, फॅब्रिकेशन, देखभाल अशा चार-पाच कामांचे मराठी मसुदे एकदा नीट तयार झाले, तर प्रत्येक कराराचा खर्च वसाहतीतल्या कारखान्यांत वाटला जाईल. समोरच्या माणसालाही तिथे प्रवेश हवा. औद्योगिक कामगाराला उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 नुसार मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे, म्हणून जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा माणूस त्याच टेबलावर बसवता येईल. वेल्डरला सही करण्याआधी करार मराठीत वाचून दाखवणे आणि त्याची एक प्रत त्याच्या हाती देणे, एवढी सुरुवात तर उद्याही करता येण्यासारखी आहे.