आठवीनंतरचा उंबरठा

जून जवळ आला की रत्नागिरीच्या बाजारपेठेत वह्या, दप्तरे आणि छत्र्या घेणाऱ्यांची गर्दी होते. त्याच दिवसांत एखाद्या पेढीवर चौदा वर्षांचा मुलगा गल्ल्याशेजारी नव्याने बसलेला दिसतो. पोत्यापोत्याचा भाव त्याला तोंडपाठ असतो. एकदा पाहिलेले गिऱ्हाईक तो विसरत नाही. मात्र बिलावर दोन ओळी लिहिताना अक्षरे उलटसुलट होतात. ‘आठवीपर्यंत कसाबसा शिकला, आता दुकानात बसवतो,’ असे वडील सांगतात. त्या बोलण्यात माया असते, निरुपायही असतो. पण त्यामागे एक गैरसमजही असतो.

2009 चा शिक्षण हक्क कायदा 6 ते 14 वयाच्या बालकांसाठी, म्हणजे आठवीपर्यंत आहे. त्यावरून मुलाचा हक्कच तेथे संपला, असे अनेक पालक मानतात. परंतु दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 नुसार किमान 40 टक्के दिव्यांगत्व प्रमाणित झालेल्या बालकाला 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. हे शिक्षण परिसरातील नेहमीच्या शाळेत घ्यावे की विशेष शाळेत, ही निवडही त्याचीच. शासनमान्य शाळांनी अशा मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्यावा, असेही हाच कायदा सांगतो. नववीचा वर्ग त्याच्या कक्षेबाहेर नाही.

1995 च्या जुन्या कायद्यात दिव्यांगत्वाचे केवळ 7 प्रकार होते. नव्या कायद्यात ते 21 झाले. वाचन, लेखन वा गणित यांत अडखळायला लावणारी अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नता यांचा त्यांत समावेश आहे. ज्याला आपण आजवर ‘आळशी’ वा ‘ढ’ म्हणत आलो, त्याची अडचण कदाचित हीच असेल.

येथे दुसरी अडचण घरातलीच असते. प्रमाणपत्र घेतले तर चारचौघांत बोलबाला होईल, थोरल्या बहिणीच्या सोयरिकीत बाधा येईल, या भीतीने तपासणी टळत जाते. वर्षे निघून जातात आणि दहावीच्या तोंडावर धावपळ सुरू होते. आपण व्यापारी माणसे. हिशेब लपवला म्हणून तूट भरून निघत नाही, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

म्हणून काही गोष्टी वेळेवर कराव्यात. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी जिल्हा शासकीय रुग्णालयात चौकशी करून सातवी-आठवीतच तपासणी करून घ्यावी. प्रवेशाचा अर्ज लेखी द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. पोचेशिवाय आपण मालही सोडत नाही. नकार मिळाल्यास तोही लेखी मागावा व जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे दाद मागावी. परीक्षेतील जादा वेळ, लेखनिक इत्यादी सवलतींचा प्रस्ताव शाळेमार्फत मंडळाकडे जातो. कोकण विभागीय मंडळ आपल्या रत्नागिरीतच आहे, ही मोठी सोय आहे.

नेहमीच्या शाळेत ज्याचा निभाव लागणार नाही, त्याच्यासाठीही जिल्ह्यात वाटा आहेत. रत्नागिरीत अभ्यंकर मूकबधिर विद्यालय आहे. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी आविष्कार संस्थेचे सविता कामत विद्यामंदिर आहे. मंडणगड तालुक्यात घराडी येथे स्नेहज्योती अंध विद्यालय आहे. या शाळा प्रत्यक्ष पाहून मगच निर्णय घ्यावा.

पेढी कोठे जात नाही. मुलगा अठरा वर्षांचा झाल्यावरही ती त्याची वाट पाहील. शाळेचे दार मात्र तितके थांबत नाही.

दरवर्षी आपण गुणवंतांचा सत्कार करतो, तो योग्यच आहे. परंतु लेखनिकाच्या साहाय्याने दहावी उत्तीर्ण झालेल्या मुलालाही त्या व्यासपीठावर बोलवावे. हा लेखनिक खालच्या इयत्तेतील विद्यार्थी असावा लागतो, आणि ऐनवेळी तो मिळत नाही म्हणून पालक हवालदिल होतात. आपल्या घरात नववीत शिकणारे कोणी असेल, तर यंदा त्याचे नाव जवळच्या शाळेत आपण होऊन कळवावे. एखाद्या मुलाचे तीन तास त्यामुळे सुकर होतील.