झांग निंगचं सोनं आणि झोऊ मीची सेमीफायनल

प्लेसमेंटचा सीझन आला की कॉलेजच्या ग्रुप्सवर ठरावीक मेसेज फिरायला लागतात. अमक्याने चाळिशीत कंपनी काढली, तमकीला तिशीनंतर यश मिळालं, तेव्हा बावीस-तेविशीत टेन्शन घेऊ नका. या यादीत झांग निंगचं नाव सहसा नसतं. खरं तर ते बरंच वर हवं. ऑलिम्पिक बॅडमिंटनच्या एकेरीत लागोपाठ दोन सुवर्णपदकं जिंकणारी ती पहिली खेळाडू, आणि त्यातलं पहिलं मिळालं तेव्हा ती २९ वर्षांची होती. बॅडमिंटनमध्ये या वयात लोक कोचिंगचा विचार करायला लागतात! पण तिची गोष्ट सांगायची तर पूर्ण सांगायला हवी, आणि ती फॉरवर्ड मेसेजमध्ये मावत नाही.

१९९४ पासून सुरुवात करू. जकार्तामध्ये उबेर चषकाची फायनल, म्हणजे महिलांची सांघिक जागतिक स्पर्धा. १९८४ पासून सलग पाच वेळा चीनने हा चषक जिंकलेला. इंडोनेशियाविरुद्ध स्कोअर २-२, आणि शेवटची, निर्णायक मॅच झांग निंगच्या वाट्याला. वय १९. समोर मिया ऑदिना नावाची १४ वर्षांची मुलगी आणि तिच्या बाजूने गर्जणारं अख्खं स्टेडियम. पहिला गेम मियाने घेतला, दुसरा झांग निंगने, तिसरा पुन्हा मियाने. चषक गेला. मिया एका रात्रीत देशाची लाडकी झाली आणि झांग निंग ‘हिच्यामुळे हरलो’ या खात्यात जमा झाली.

पुढची कित्येक वर्षं ती चिनी संघाच्या मागच्या बाकावर होती. २००० च्या सिडनी ऑलिम्पिकला चीनने एकेरीत तीन मुली पाठवल्या, त्यात ती नव्हती. तेव्हा ती २५ वर्षांची होती. सोडून दिलं असतं तर कुणी काही म्हटलं नसतं. तिने सोडलं नाही. २००३ मध्ये बर्मिंगहॅमला ती वर्ल्ड चॅम्पियन झाली आणि २००४ मध्ये अथेन्सच्या फायनलमध्ये तिच्यासमोर उभी राहिली तीच मिया ऑदिना, आता नेदरलँड्सकडून खेळणारी. या वेळीही पहिला गेम मियाने घेतला, पण पुढचे दोन झांग निंगने. दहा वर्षांनी निकाल उलटा लागला. स्क्रिप्ट म्हणून कुणी हे लिहून दिलं असतं तर आपण ‘फारच फिल्मी आहे’ म्हणून परत केलं असतं.

अडचण त्याच्या आधीच्या मॅचमध्ये आहे. सेमीफायनलला झांग निंगसमोर तिचीच टीममेट झोऊ मी होती. झांग निंग सरळ दोन गेममध्ये जिंकली. २००८ मध्ये, बीजिंग ऑलिम्पिकच्या काही महिने आधी, चिनी संघाचे मुख्य प्रशिक्षक ली याँगबो यांनी टीव्हीवर मान्य केलं की पहिला गेम झांग निंगने जिंकल्यावर झोऊ मीला फार जोर न लावण्याची सूचना दिली होती. फायनलमध्ये मियाला हरवायची शक्यता झांग निंगची जास्त, तेव्हा तिने दमायचं कशाला, असा हिशोब. हे सांगताना त्यांचा सूर कबुलीपेक्षा कौतुकाचाच होता.

हा प्रकार नवाही नव्हता. ये झाओयिंग ही दोनदा वर्ल्ड चॅम्पियन झालेली खेळाडू. सिडनीच्या सेमीफायनलमध्ये आपल्याला गाँग झिचाओकडून हरायला सांगितलं गेलं होतं, असं तिने २०२२ मध्ये डॅनिश टीव्हीला सांगितलं. फायनलला डेन्मार्कची कॅमिला मार्टिन होती आणि तिच्याविरुद्ध गाँग बरी पडेल असं ठरलेलं. गाँगला सुवर्ण, येला ब्राँझ.

आता कुणी म्हणेल, यात काय एवढं? सायकलिंगच्या मोठ्या शर्यतींत टीमचे निम्मे लोक आपल्या लीडरसाठीच पेडल मारतात. मान्य. पण तिथे ते सगळ्यांना माहीत असतं, आणि त्यासाठीच त्यांना टीममध्ये घेतलेलं असतं. ऑलिम्पिकच्या एकेरीत प्रत्येक मुलगी स्वतःच्या नावावर उतरते. प्रेक्षक तिकीट काढून एक खरी मॅच बघायला बसलेले असतात. आणि त्यागाची किंमत एकीने द्यायची, पदक दुसरीने घ्यायचं, निर्णय मात्र तिसऱ्याच माणसाचा, याला ‘टीम स्पिरिट’ म्हणणं मला तरी पटत नाही.

यात झांग निंगला खलनायिका करायचं कारण नाही. आदेश तिला नव्हता. उलट सगळ्यात मोठं नुकसान तिचंच झालं असं मला वाटतं, कारण ती सेमीफायनल ती आपल्या जोरावरही जिंकली असती, पण आता हे सिद्ध करायची सोयच राहिली नाही. झोऊ मी पुढे चीन सोडून हाँगकाँगकडून खेळायला लागली आणि जागतिक क्रमवारीत नंबर वनपर्यंत पोहोचली. २०१० मध्ये डोपिंगमध्ये दोन वर्षांची बंदी आली आणि करिअर तिथेच संपल्यात जमा झालं. म्हणजे तीही ‘बिचारी नायिका’ या साच्यात नीट बसत नाही.

२००८ चं बीजिंग मात्र झांग निंगचं निखळ होतं. आधी उद्घाटन सोहळ्यात सगळ्या खेळाडूंच्या वतीने नियमांनुसार खेळण्याची शपथ तिनेच घेतली (त्याच वर्षी ती कबुली बाहेर आलेली, हा योगायोग बोचतो). मधल्या काळात बॅडमिंटनची गुणपद्धतच बदलली होती. आधी ज्याची सर्व्हिस त्यालाच पॉइंट, गेम ११ चा. २००६ पासून प्रत्येक रॅलीला पॉइंट आणि गेम २१ चा. तिशी ओलांडलेल्या खेळाडूने सवयीचं सगळं गणित नव्याने शिकायचं होतं. फायनलला शी शिंगफांग, जिने २००५ आणि २००६ च्या वर्ल्ड चॅम्पियनशिप फायनलमध्ये तिला हरवलेलं. सुवर्ण काहीही झालं तरी चीनचंच होतं, त्यामुळे कुणी कुणाला काही सांगायची गरजच नव्हती. २१-१२, १०-२१, २१-१८. वय ३३. रील बनवायचीच असेल तर या मॅचची बनवा.

हे सगळं जुनं झालं म्हणून सोडून द्यावं, तर २०१२ चं लंडन आठवतं. पुढे सोपा प्रतिस्पर्धी मिळावा म्हणून मुद्दाम हरायचा प्रयत्न केल्याबद्दल महिला दुहेरीच्या चार जोड्या, चीनची एक, दक्षिण कोरियाच्या दोन, इंडोनेशियाची एक, स्पर्धेतून बाहेर काढल्या गेल्या. याच स्पर्धेत वर्ध्यात जन्मलेली ज्वाला गुट्टा आणि अश्विनी पोनप्पा गुणांच्या किरकोळ फरकाने क्वार्टरफायनल हुकल्या. त्यांच्या गटातली एक मॅच जपानने मुद्दाम सोडली, अशी तक्रार भारताने केली, ती फेटाळली गेली. लंडननंतर दुहेरीच्या ड्रॉचे नियम बदलले. पण एकाच देशाच्या दोघी सेमीफायनलला समोरासमोर आल्या, तर त्यांच्यापैकी एकीच्या कानात कुणी काही सांगेल का, हे कुठल्याच ड्रॉने रोखता येत नाही. तिथे खेळाडूला ‘नाही’ म्हणता येईल आणि म्हटल्यावर तिची पुढच्या संघातली जागा जाणार नाही, अशी सोय फेडरेशनलाच करावी लागेल.