जूनपर्यंत चालव!

रविवारी पंचवटीत काळाराम मंदिराबाहेर लेकीचे बूट काढले, तर करंगळी लालबुंद! ‘दुखत नव्हतं?’ ‘दुखायचं. पण बाबा, तूच म्हणालास ना, जूनपर्यंत चालव.’ गप्पच झालो.

दुकानात तिला बसवूनच माप घेतलं होतं. खरं तर उभं करून, दोन्ही पावलांचं घ्यायचं. शक्यतो संध्याकाळी, पाय थोडे फुगलेले असताना. पुढे बोटभर जागा हवी. दोन नंबर मोठे घेऊन कापूस कोंबणं (आमच्या आईची आयडिया) नको, टाच निसटते. त्यात आपले नंबर ब्रिटिश मापाचे. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेच्या २०२१-२२ च्या पाहणीत भारतीय पावलं जास्त रुंद निघाली. म्हणजे लांबी जमली तरी करंगळी चेपणारच!

लेकीला कडेवर घेऊन मेन रोड गाठला. संध्याकाळचे सात, मापाला मुहूर्त उत्तम.