नाटकमंडळीचा कर्ता

परभणीस आमच्या एका स्नेह्यांकडे परवां जाणें झालें. त्यांच्या पुतण्यानें राज्य नाट्यस्पर्धेसाठीं नाटक बसवावयास घेतलें होतें. पडदे, कपडे, वर्गणी आणि रुसलेले नट यांतच मुलगा गुंतला, ही काकांची तक्रार. "एखादी भूमिका करणें आम्हीं समजूं, पण साऱ्यांचें ओझें यानेंच कां वाहावें?" असें ते म्हणाले. तेव्हां आम्हांस केशवराव भोसले आठवले.

केशवरावांचा जन्म ९ ऑगस्ट १८९० रोजीं कोल्हापुरास झाला. पितृछत्र लवकर हरपलें आणि बालवयांतच ते स्वदेशहितचिंतक नाटक मंडळींत दाखल झाले. देवलांच्या 'शारदा' नाटकांतील नायिकेच्या भूमिकेनें त्यांचें नांव झालें. अशा गळ्याच्या नटास दुसऱ्याच्या मंडळींत सुखानें राहतां आलें असतें. परंतु १ जानेवारी १९०८ रोजीं, वयाच्या अठराव्या वर्षीं, त्यांनीं हुबळीस 'ललितकलादर्श' ही स्वतःची मंडळी काढली.

नाटकमंडळी म्हणजे एक एकत्र कुटुंबच. नट, साथीदार, पडदे रंगविणारे, आचारी, साऱ्यांचें पोट एका तिकिटाच्या खिडकीवर! अशा संसारांत चालत्या नाटकांवरच दिवस काढावेत, असा मोह कोणासही पडेल. केशवरावांनीं मात्र १९१६ सालीं मामा वरेरकरांचें 'हाच मुलाचा बाप' रंगभूमीवर आणलें. हुंड्याचा जो प्रश्न घराघरांत दबल्या आवाजांत बोलला जाई, तो दिव्यांच्या उजेडांत आला. १९१९ सालीं त्याच लेखकाचें 'संन्याशाचा संसार' आलें.

पुढें ८ जुलै १९२१ रोजीं मुंबईस टिळक स्वराज्य फंडासाठीं संयुक्त 'मानापमान' झालें. व्यवसायांतील चुरस बाजूस ठेवून केशवराव धैर्यधर झाले, बालगंधर्व भामिनी. त्यानंतर तीन महिनेही झाले नाहींत, तोंच ४ ऑक्टोबर रोजीं विषमज्वरानें केशवराव गेले. वय अवघें एकतीस.

कर्ता पुरुष गेला कीं कित्येक घरें मोडतात. हें घर मोडलें नाहीं. मंडळीची धुरा सहकारी बापूराव पेंढारकर यांनीं उचलली आणि १९२२ सालीं 'सत्तेचे गुलाम' लावलें. १९३७ सालीं बापूराव गेल्यावर त्यांचे पुत्र भालचंद्र यांनीं पुढें ती परंपरा चालविली. 'पंडितराज जगन्नाथ' हें १९६० सालचें नाटक त्याच नांवाखालीं आलें. केशवरावांच्या नांवाचें कोल्हापूरचें नाट्यगृह त्यांच्या जयंतीच्या आदल्या रात्रीं, ८ ऑगस्ट २०२४ रोजीं, आगींत सांपडलें, तेव्हां सारें गांव हळहळलें. शंभर वर्षांपूर्वीं गेलेल्या माणसाचें एवढें ऋण लोकांस वाटावें, हें केवळ गोड गळ्याचें फळ नव्हे.

आम्हीं स्नेह्यांस इतकेंच म्हटलें, कीं आपल्या घरचा संसार उद्यां कोणीतरी उचलावयाचाच आहे. रुसलेल्यांस समजावणें आणि पैशापैशाचा हिशेब ठेवणें पुतण्या आतांच शिकत असेल, तर त्यास अडवूं नये. काका बोलले नाहींत. पण निघतांना प्रयोगाची तारीख त्यांनींच आम्हांस सांगितली.