बिल्डिंग रिकामी करताय? आधी कंपाउंडमध्ये दुकान मांडा



‘पडून राहिलेला माल कसा काढायचा’ या व्हिडिओखाली सांताक्रूझच्या एका ताईंनी विचारलंय : “सर, माझं दुकान नाही. पण आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला चाललीय. चाळीस वर्षांचा संसार हाच माझा पडून राहिलेला माल. काय करू?”

प्रश्न एकट्या ताईंचा नाही. वाकोला, प्रभात कॉलनी, कलिना, पश्चिमेला गझदर स्कीम, कुठेही फिरा. तीन-चार मजली जुन्या बिल्डिंगी एकेक करून रिकाम्या होतायत. डेव्हलपर भाडं देतो, सामान हलवायचे पैसे देतो, पण भाड्याचं घर बहुधा लहान असतं. निम्मं सामान तिथे मावतच नाही.

अमेरिकेतले आपले नातेवाईक अशा वेळी घरापुढच्या अंगणात टेबलं टाकून सामान विकतात. यार्ड सेल म्हणतात त्याला. आपल्याकडे अंगण नाही, पण कंपाउंड आहे ना? माझं मत स्पष्ट आहे. तारीख कळली की महिनाभर आधी, चार-पाच घरांनी मिळून रविवारी सकाळी कंपाउंडमध्ये सेल लावा. शेवटच्या रात्रीची वाट बघू नका.

मी बघितली होती. लोकांना किंमत कशी लावायची ते शिकवणारा माणूस मी. पण आमची बिल्डिंग रिकामी करायची वेळ आली तेव्हा रोज ‘उद्या बघू’ करत राहिलो. चावी द्यायच्या आदल्या रात्री दहा वाजता एक जुन्या सामानवाला आला, दोन खोल्यांतून नजर फिरवली आणि म्हणाला, “सगळं मिळून अकरा हजार.” टेम्पो खाली उभा होता. मी हो म्हटलं. त्या ‘सगळं मिळून’मध्ये सागवानी कपाट गेलं, पितळेची दोन पातेली गेली आणि आईची पायाची शिलाई मशीन गेली. सकाळी आई म्हणाली, “अरे, खालच्या मजल्यावरची ती फॉल-बिडिंग करते ना, तिने दोनदा विचारलं होतं मशीनबद्दल. मी देईन म्हणाले होते.” मी आईला विचारलंच नव्हतं. त्या बाईंना आईने काय सांगितलं ते मला माहीत नाही. आजवर विचारायचा धीर झाला नाही.

म्हणून पहिला नियम : ठोक भावात घर विकायचं नाही. ‘सगळं मिळून’ हा शब्द कानावर आला की समजा, समोरच्याने तुमच्या घरातली सगळ्यात महाग वस्तू हेरलीय आणि ती बाकीच्या ढिगाखाली लपवतोय.

मग किंमत लावायची कशी? खालची रेघ भंगारवाला ठरवतो. लोखंड, स्टील, पितळ, तांबं, रद्दी यांचा किलोचा भाव आदल्या दिवशी दोघा भंगारवाल्यांना विचारून ठेवा. आणि वजन स्वतःच्या काट्यावर करा, किमान त्याच्या काट्यावर वैधमापन विभागाचा शिक्का आहे का ते तरी बघा. वरची रेघ ठरवते तीच वस्तू आज नवीन घेतली तर पडणारी किंमत. तुमचा भाव या दोन रेघांच्या मध्येच कुठेतरी आहे. चांगल्या चालू वस्तूला मी नव्याच्या एक तृतीयांशापासून सुरुवात करतो. तुम्ही ती केवढ्याला घेतली होती, त्यासाठी किती हप्ते भरले होते, लग्नात कोणी दिली होती, याच्याशी गिऱ्हाईकाचं काहीही देणंघेणं नाही. आठवणीची किंमत लावायची असेल तर ती वस्तू सेलमध्ये आणूच नका. न्या बरोबर, खुशाल न्या.

आणखी एक खर्च आपण विसरतो, तो घेणाऱ्याचा. कपाट तुम्ही अडीच हजारांना दिलं, पण तिसऱ्या मजल्यावरून लिफ्टशिवाय उतरवायला हमाल आणि पुढे टेम्पो, म्हणजे त्याला ते चार हजारांना पडलं. तो अडीचचे दीड करायला बघणारच. त्याऐवजी चार घरांनी मिळून हमाल सांगा आणि मोठं सामान आदल्या संध्याकाळी खाली आणून ठेवा. तेच कपाट मग अडीचला विनातक्रार जातं. खरोखर जुनं सागवान असेल तर विकायच्या आधी ओशिवऱ्याच्या फर्निचर मार्केटमध्ये एक चक्कर मारा, तसलंच कपाट तिथे पॉलिश करून किती भावाला उभं आहे ते बघा. डोळे उघडतात.

सेक्रेटरींची परवानगी लेखी घ्या, गाड्या कुठे लावायच्या ते वॉचमनला सांगून ठेवा, प्रत्येक वस्तूवर भावाची चिठ्ठी चिकटवा. चिठ्ठी नसेल तर माणूस बघून भाव सांगितला जातो. चपला बघून पाचशे आणि घड्याळ बघून हजार, हे गिऱ्हाईकाला लगेच कळतं. मिक्सर, पंखा, इस्त्री लावून दाखवायला एक एक्स्टेन्शन बोर्ड हवाच. बिघाड असेल तर चिठ्ठीवरच लिहा : ‘दोन नंबरवर चालत नाही’. त्याच बिल्डिंगीत परत यायचंय तुम्हाला, त्याच शेजाऱ्यांत.

काही गोष्टी विकायच्याच नाहीत. गॅसचं सिलिंडर गॅस कंपनीचं असतं, ते एजन्सीत जमा करून डिपॉझिट परत घ्या. गाद्या आणि कापडी सोफे उन्हात नीट तपासल्याशिवाय नकोत. ढेकूण एकदा दुसऱ्याच्या घरात गेले की तुमचं नाव दहा वर्षं निघतं. जुना फोन फॅक्टरी रीसेट केल्याशिवाय हातातून सोडू नका. आणि यूपीआयवर पैसे घेताना कोणी “हा कोड स्कॅन करा, पिन टाका, पैसे येतील” म्हणालं तर तिथेच थांबा. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन लागतो तो द्यायला.

कर लागेल का, असंही काहींनी विचारलंय. स्वतःच्या घरातली वापरलेली भांडी, कपडे, फर्निचर विकलं तर त्यावर भांडवली नफ्याचा कर नाही. दागिने, चित्रं यांचं वेगळं. जीएसटीचाही प्रश्न नाही, कारण हा तुमचा धंदा नव्हे. मात्र चार पैसे सुटले म्हणून दर महिन्याला इतरांचं सामान आणून विकायला लागलात, तर तो धंदा झाला. मग हिशोब ठेवा. (त्यावर वेगळा व्हिडिओ करतो.)

आता घेणाऱ्यांशी थोडं बोलू, कारण मला जास्त राग त्यांचाच येतो. घासाघीस करा, जरूर करा. पण कशी करायची ते बोहारणीकडून शिका. दारात बसायची, आई एकेक साडी पुढे टाकायची. ती साडी उजेडात धरायची, काठ ओढून बघायची, कुठे विरलीय ते बोट ठेवून दाखवायची आणि म्हणायची, “ताई, पातेल्याला अजून एक लागंल.” अर्धा तास ओढाताण चालायची, पण आमच्या घराला, आमच्या ऐपतीला ती कधी नावं ठेवायची नाही. खोट काढायची ती साडीतली. आजचा गिऱ्हाईक काय म्हणतो? “हे कोण घेणार? फेकूनच देणार होतात ना?” समोर सत्तर वर्षांच्या आजी उभ्या आहेत, त्यांचा संसार कंपाउंडमध्ये मांडलाय. असं बोलून पन्नास रुपये वाचले तरी काय वाचले!

नऊची वेळ दिली असेल तर सात वाजता बेल वाजवू नका. भवानी झाली नसताना नुसती चौकशी करून दहा वस्तू हलवून ठेवू नका. भाव एकदा ठरला की पैसे देताना परत शंभर कमी करू नका. घेतलेली वस्तू त्याच दिवशी उचला. आणि वापरलेला फोन घेताना *#०६# दाबून आयएमईआय नंबर बघा, केवायएम लिहून पुढे तो नंबर टाका आणि १४४२२ ला एसएमएस पाठवा. फोन काळ्या यादीत असेल तर कळतं. मालकाने बिल मागितल्याचा राग धरू नये.

एका गोष्टीवर माझे मित्र माझ्याशी भांडतात. ते म्हणतात, घरकामाच्या मावशींना, वॉचमनना सामान फुकट द्यावं, त्यांच्याकडून पैसे काय घ्यायचे? मी म्हणतो, फुकट आपण तेच देतो जे आपल्याला नको असतं : तुटका मिक्सर, फाटकी चादर. त्यापेक्षा आदल्या संध्याकाळी, बाहेरच्यांना दाखवायच्या आधी, त्यांना बोलवा. चिठ्ठ्या लावलेल्या असू द्या, त्यांच्यासाठी निम्मा भाव ठेवा आणि हवी ती वस्तू निवडू द्या. चालू फ्रिज सातशे रुपयांना घेणाऱ्या मावशी “दोन नंबरचा कप्पा फुटलाय, सहाशे करा” असं ठणकावून म्हणतात. फुकट दिलेल्या फ्रिजबद्दल असं म्हणता येत नाही. अर्थात बक्षीस म्हणून काही द्यायचंच असेल तर पाकिटात घालून पैसे द्या.

दुपारी एक वाजता सेल बंद करा. उरलेल्यावर ‘काहीही द्या आणि न्या’ अशी एकच चिठ्ठी लावा. दोन वाजता भंगारवाला बोलवा, आणि त्यालाही वस्तू वेगवेगळ्या करून, वजनाने द्या. मग कंपाउंड झाडून घ्या. सगळ्या गडबडीत झाडू तेवढा विकू नका, आमच्या शेजाऱ्यांनी विकला होता.